"वळला" या एका शब्दात सहा वर्षं : फ्रांस्वा जाकोब

रातकिडा

बरेच दिवस फ्रांस्वा जाकोब हा फ्रेंच जीवशास्त्रज्ञ डोक्यात घोळतोय, शेवटी धागा काढलाच. लांबलंय, सांभाळून घ्या.

१७ जून १९४०. फ्रान्सच्या रेडिओवर नवे पंतप्रधान मार्शल पेतां सांगतायत की लढाई आता थांबवावी लागेल. त्याच दिवशी फ्रांस्वा जाकोबला वीस वर्षं पूर्ण झाली. पॅरिसमध्ये मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला, सर्जनच व्हायचं हे पक्कं, आई नुकतीच गेलेली, घर ज्यू, आणि जर्मन फौजा शहरात शिरून तीन दिवस झालेले. पठ्ठ्याने त्याच आठवड्यात सेंट जॉं द ल्यूझ बंदर गाठलं आणि एका पोलिश जहाजात चढून इंग्लंडला गेला. तिकडे द गॉल नावाचा, तोवर फारसा कोणाला माहीत नसलेला एक जनरल लढत राहा म्हणून सांगत होता, याने त्याच्या फौजेत नाव घातलं.

मला लढणाऱ्या तुकडीत घ्या म्हणाला. ते म्हणाले, तू मेडिकलचा ना, मग मेडिकललाच जा. झालं, दोन वर्षांच्या शिक्षणावर हा फौजेतला डॉक्टर. आधी डाकारची फसलेली मोहीम, मग मध्य आफ्रिका, चाड, तिथून द गॉलचा सेनानी लक्लेर याच्या सैन्याबरोबर सहारा पार करून लिबियातलं फेझान, त्रिपोली, ट्युनिशिया. ट्युनिशियात एकदा जखमी झाला. बरा होऊन परत गेला. ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरला, आणि थोड्याच दिवसांत विमानांचा हल्ला झाला तेव्हा एका जखमी अधिकाऱ्याला सोडून आडोशाला पळाला नाही, तिथेच बसून राहिला. हात-पाय, अंगभर बॉम्बचे तुकडे. २५ ऑगस्टला त्याची डिव्हिजन पॅरिसमध्ये शिरली, ज्या क्षणासाठी चार वर्षं वाळवंट तुडवलं तो क्षण, आणि हा हॉस्पिटलात पडलेला.

आता माझी तक्रार. या माणसावरचा कुठलाही छोटा परिचय काढा, पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "जखमांमुळे सर्जन होता न आल्याने तो संशोधनाकडे वळला." आणि त्याच्या पुढचं वाक्य १९६५ चं नोबेल. वळला म्हणजे काय? नाक्यावरून डावीकडे वळलो आणि समोर नोबेल, असं? जखम ऑगस्ट १९४४ ची आणि पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पाय ठेवला १९५० मध्ये. त्या "वळला"मध्ये सहा वर्षं आहेत हो! कित्येक महिने हॉस्पिटल, मग आपल्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान पोरांबरोबर परत मेडिकलच्या बाकावर, १९४७ ला कशीबशी डिग्री, आणि नंतर पुढे करायचं काय याचा पत्ता नाही. पत्रकारितेपासून सिनेमापर्यंत नाना गोष्टी मनात येऊन गेल्या, काही करूनही पाहिल्या. मला ही सहा वर्षंच जास्त इंटरेस्टिंग वाटतात. तुम्हाला?

फौजीनाना

छान लिहिलंयस. एक शंका मात्र येणारच, कोणी विचारायच्या आत मीच विचारतो. लढवय्या म्हणायचं का याला? नियमाने बघितलं तर जिनिव्हा कराराप्रमाणे मेडिकलची माणसं लढणाऱ्यात धरत नाहीत. पण मी वीस वर्षं फौजेत काढली (मेडिकलमध्ये नाही, सिग्नलमध्ये) आणि सांगतो, गोळा पडतो तो दंडावरची पट्टी बघून पडत नाही. उलट आमचं बरं, आवाज आला की आडवं व्हायचं. त्याला आवाज आला की उठून जायचं असतं, उलट्या दिशेला. ज्याने हे केलंय त्याला मी तरी लढवय्याच म्हणेन.

आणि द गॉलने जो क्रॉस दिला ना, क्रॉ द ला लिबेरास्यों, तो खिरापतीसारखा वाटलेला नाही. सगळ्या युद्धात मिळून १०३८ माणसांना मिळाला, बस्स. त्यातला एक हा.

मधुरा_के

वाचतेय. मी स्वतः मेडिकलवाली त्यामुळे वेगळाच प्रश्न पडला, त्याने प्रॅक्टिस केली का कधी? की फक्त नावापुढे डॉक्टर?

रातकिडा

@मधुराताई, यातच गंमत आहे. डिग्री नव्हती तेव्हा तो डॉक्टर होता आणि डिग्री हातात आली तेव्हा डॉक्टरकी सुटलेली होती. जे काही रुग्ण तपासले, जे काही टाके घातले ते वाळवंटात, अर्ध्या शिक्षणावर. १९४७ चा त्याचा प्रबंध टायरोथ्रिसिन या अँटिबायोटिकवर आहे, म्हणजे तिथेच तो पेशंटपासून थोडा लांब सरकलेला दिसतो, पण तेव्हा त्याला स्वतःला ते कळलं असेल असं वाटत नाही. सर्जनचा हात गेला होता. बाकी कुठल्या डॉक्टरकीत त्याला रस नव्हता असं दिसतं.

@नाना, उलट्या दिशेला उठून जाणं हे फार आवडलं.

चिकित्सक_कांदा

मी नेहमीप्रमाणे मिठाचा खडा टाकतो. हे सगळं ठीक, पण याचे आजोबा कोण होते? आईचे वडील फ्रेंच सैन्यात जनरल. घर सुखवस्तू, शाळा पॅरिसमधली नावाजलेली. तिशीपर्यंत "काय करू, काय करू" करत फिरायला पाठीशी काहीतरी लागतं. त्याच युद्धात हात गमावून आलेल्या हजारो पोरांपैकी किती जणांना असा वेळ मिळाला? ज्यांना नाही मिळाला त्यांच्यावर धागे निघत नाहीत. जखम झाली म्हणून शास्त्रज्ञ झाला हे मला अर्धवट वाटतं.

रातकिडा

@कांदा, जखम झाली "म्हणून" झाला असं मी म्हणतच नाहीये, त्याच वाक्याशी तर माझं भांडण आहे. पाठबळाचं मात्र मान्य. शंभर टक्के मान्य.

पेट्रीडिश

अरे वा, जाकोबवर धागा आणि मला कोणी सांगितलं नाही! मायक्रोबायोलॉजी शिकवते, दरवर्षी लॅक ऑपेरॉन (जीन चालू-बंद कसे होतात याचा त्याचा गाजलेला शोध) फळ्यावर काढते, त्यामुळे हा माझा घरचाच माणूस.

आधी ल्वॉफचा किस्सा, कारण तो रातकिडाच्या सहा वर्षांचा शेवट आहे. आंद्रे ल्वॉफची लॅब पाश्चर इन्स्टिट्यूटच्या पोटमाळ्यावर होती. अक्षरशः पोटमाळा, छपराखालचा. जाकोब त्याच्याकडे जायचा, काम द्या म्हणायचा, ल्वॉफ म्हणायचा जागा नाही. परत जायचा, परत जागा नाही. असं बऱ्याचदा झालं. जून १९५० मध्ये शेवटचा प्रयत्न म्हणून गेला तर ल्वॉफ एकदम खुशीत, याला काही बोलूच न देता म्हणाला की आम्हाला प्रोफाजचं इंडक्शन सापडलंय! जाकोबने तोंडावर जमेल तेवढं आश्चर्य आणलं. प्रोफाज म्हणजे काय हे त्याला औषधालाही माहीत नव्हतं. फाजवर (म्हणजे बॅक्टेरियाला लागणाऱ्या व्हायरसवर) काम करणार का विचारलं, हा कसाबसा हो म्हणाला. मग सप्टेंबरला ये. बाहेर पडून पहिलं काम काय केलं तर डिक्शनरी शोधली, प्रोफाज बघायला.

दरवर्षी मुलांना सांगते हे. तिशीचा माणूस, चार वर्षांचं युद्ध, छातीवर पदकं, आणि डिक्शनरीत शब्द शोधतोय. (अवांतर: माझ्या वर्गातली मुलं अजूनही प्रोफाजचं स्पेलिंग चुकवतात.)

प्रोफाज म्हणजे बॅक्टेरियाच्या आत झोपलेला व्हायरस. बॅक्टेरियाच्या डीएनएत घुसून गप्प पडून राहतो, एका बॅक्टेरियाचे दोन झाले की याचेही दोन होतात, कोणाला पत्ता नाही. ल्वॉफच्या टीमने दाखवलं की अल्ट्राव्हायोलेट प्रकाश टाकला की हा जागा होतो आणि तासाभरात बॅक्टेरिया फोडून बाहेर. याला जागा करणं म्हणजे इंडक्शन. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधुरा_के

औषधालाही माहीत नव्हतं 😄 डॉक्टर असून

फौजीनाना

माळ्यावरच्या तिघांनाही नोबेल मिळालं ना? आणि तिघेही युद्धाशी संबंधित?

पेट्रीडिश

हो नाना. ल्वॉफ, जाक मोनो, जाकोब, १९६५. ल्वॉफ आणि मोनो दोघंही भूमिगत चळवळीत होते, आणि मोनो तर प्रतिकारदलात बऱ्याच वरच्या फळीत. म्हणजे एक बाहेर राहून लढलेला आणि दोन आत राहून, आणि १९२८ नंतर फ्रान्सला मेडिसिनचं नोबेल मिळालं ते थेट या तिघांना.

आता मिक्सर. हे सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

जाकोब आणि एली वोलमन ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या "लग्नावर" काम करत होते. एक बॅक्टेरिया दुसऱ्याला चिकटतो आणि त्याच्यात आपला डीएनए सोडतो. प्रश्न असा की सगळा डीएनए एकदम जातो की हळूहळू? वोलमनने अमेरिकेहून बायकोसाठी किचनमधला मिक्सर आणलेला, बाईंना तो आवडला नाही, म्हणून तो लॅबमध्ये आला. तर यांनी काय केलं, बॅक्टेरियांचं मिश्रण ठेवलं आणि दर थोड्या मिनिटांनी त्यातला थोडा भाग काढून मिक्सरमधून फिरवला. जोड्या तुटतात, बॅक्टेरिया मात्र जिवंत राहतात. मग बघायचं की तोडेपर्यंत कुठले जीन पलीकडे पोचले.

आणि दिसलं काय, तर जीन रांगेत जातात! कुठल्या मिनिटाला तोडलं त्यावर ठरतं कोण पलीकडे पोचला, आणि दर वेळेला क्रम तोच. आगगाडी स्टेशनात शिरताना जसे डबे एकामागोमाग येतात, तसं. अख्खी गाडी आत यायला साधारण १०० मिनिटं. त्यामुळे ई. कोलायच्या जीन्सचा नकाशा मिनिटांत मोजायला लागले, आणि पुढे कित्येक वर्षं पुस्तकांत तो तसाच राहिला. अंतर मिनिटांत! तेही बायकोला नको असलेल्या मिक्सरच्या कृपेने.

चिकित्सक_कांदा

मिक्सरचं मस्त. पण ऑपेरॉन समजावा की, नेहमी वाचतो आणि नेहमी विसरतो.

पेट्रीडिश

प्रयत्न करते. पोटमाळ्याच्या एका टोकाला ल्वॉफ आणि जाकोब फाजवर, दुसऱ्या टोकाला मोनो लॅक्टोजवर. ई. कोलायला ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही दिलं तर तो आधी ग्लुकोज संपवतो, मग जरा थांबतो, मग लॅक्टोज खायला लागतो. लॅक्टोज फोडायचं एन्झाइम तो गरज पडल्यावरच बनवतो. मग त्याला गरज कळते कशी?

दोन टोकांचे दोन प्रश्न. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध आहे असं कोणाला वाटत नव्हतं.

१९५८ च्या जुलैतला एक रविवार. जाकोबला कामात काही सुचेना, म्हणून बायकोबरोबर, लिझबरोबर, सिनेमाला गेला. सिनेमा कंटाळवाणा. डोळे मिटून बसला आणि अंधारात एकदम लख्ख झालं की अरे, हे दोन्ही एकच आहे! झोपलेला व्हायरस काय आणि बंद असलेलं एन्झाइम काय, दोन्हीकडे कोणीतरी डीएनएवर बसून जीन दाबून धरलंय. अल्ट्राव्हायोलेट किंवा लॅक्टोज आलं की तो दाबणारा उठतो आणि जीन सुरू. म्हणजे जीन चालू करायला कोणी येत नाही, बंद ठेवणारा बाजूला होतो. हा दाबणारा म्हणजे रिप्रेसर, त्याची बसायची जागा ऑपरेटर, आणि एका ऑपरेटरच्या ताब्यातली जीन्सची रांग म्हणजे ऑपेरॉन.

मोनो सुट्टीवर होता, भेटला थेट सप्टेंबरात, आणि ऐकून लगेच खूश वगैरे झाला नाही. डीएनएवर कोणी बसतं ही कल्पनाच त्याला पटेना. मग दोघं वाद घालत, प्रयोग करत बसले आणि १९६१ ला तो मोठा पेपर आला.

चिकित्सक_कांदा

आत्ता कळलं, धन्यवाद. "बंद ठेवणारा बाजूला होतो" हे आता विसरणार नाही. पण एक, सगळीकडे तसंच नसतं ना? काही जीन्सना चालू करणारा पण लागतो असं वाचल्यासारखं वाटतं.

पेट्रीडिश

बरोबर पकडलंत. मोनो बरीच वर्षं सगळं नियंत्रण असंच, दाबूनच होतं या मताचा होता, आणि ते चुकलं. खुद्द लॅक ऑपेरॉनलाही जोरात चालायला एक ढकलणारं प्रोटीन लागतं हे नंतर कळलं. मी फळ्यावर दोन्ही काढते.

रातकिडा

पेट्रीडिशताई _/\_ तुमच्यासाठीच धागा काढला होता बहुतेक.

आता "लेखक" भाग, कारण मला तो पुस्तकांतूनच भेटला, लॅबमधून नाही. १९७० ला त्याने आनुवंशिकतेच्या इतिहासावर एक पुस्तक लिहिलं आणि ते सामान्य वाचकांनी डोक्यावर घेतलं. आत्मचरित्र १९८७ चं, ते छापलं लेकीने, ओदिलने, तिची स्वतःची प्रकाशन संस्था आहे. १९९६ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून गेला. म्हणजे ती चाळीस खुर्च्यांची, भाषेची अकादमी, विज्ञानाची नाही.

त्याची एक कल्पना मला फार जवळची आहे (आयडी बघा माझा). तो म्हणतो विज्ञान दोन प्रकारचं. दिवसाचं विज्ञान म्हणजे पेपरात छापलं जातं ते, एकात एक बसणाऱ्या दातांच्या चाकांसारखं, सगळं ठरवून केल्यासारखं. आणि रात्रीचं विज्ञान, जे चाचपडतं, ठेचकाळतं, घाम फोडतं, दचकून उठतं. १९६१ च्या पेपरात तो सिनेमा नाही. पुस्तकात आहे. मला वाटतं लेखक तो याच्यासाठी झाला, पेपरात जे मावत नव्हतं त्याच्यासाठी.

मधुरा_के

युद्धाबद्दल लिहिलंय का त्यात? की फ्रेंच लोकांसारखं नुसतं तत्त्वज्ञान

रातकिडा

भरपूर लिहिलंय. आणि शौर्याचं कमी, वाट बघण्याचं जास्त. जहाजावर, तळावर, वाळवंटात, मग हॉस्पिटलात, सगळीकडे वाट बघणं. शांतता झाल्यावरची वर्षं तर त्याला जास्तच जड गेलेली दिसतात. परत आलेल्या सैनिकाबद्दल आपण धरून चालतो की युद्ध संपलं, सुटला बिचारा. पण वीस ते चोवीस या वयात ज्याला रोज सकाळी काय करायचं हे ठरवून मिळत होतं, त्याला चोविसाव्या वर्षी कोणी काहीच सांगेना, आणि ज्यासाठी जगायचं ठरवलं होतं ते हातातून गेलेलं.

फौजीनाना

हे मात्र खरं. रिटायर होऊन घरी आलो तेव्हा पहिले काही महिने मी पहाटे चारला उठून दाढी करून बसायचो. कशासाठी? माहीत नाही. बायको म्हणायची, अहो झोपा की. आणि मी तर धडधाकट आलो होतो, पेन्शन घेऊन.

अर्धाकप

नवीन आयडी आहे, पहिलाच प्रतिसाद. जाकोबचा १९७७ चा एक लेख खूप गाजलाय ना, उत्क्रांती इंजिनिअरसारखी काम करत नाही, हातात असेल त्या जुन्या-पुराण्या तुकड्यांतून काहीतरी जोडून काढते असा? इंजिनिअर आधी आराखडा काढतो, मग लागेल तो माल आणतो. जुगाड करणारा मात्र घरात पडलेली दोरी, लाकडाचा तुकडा, खोकं घेऊन बसतो आणि त्यातून जे होईल ते. वाचताना वाटलं की हे तो स्वतःबद्दलच लिहितोय. अर्धी डॉक्टरकी, युद्ध, एक अँटिबायोटिक, एक उधारीचा मिक्सर.

चिकित्सक_कांदा

@अर्धाकप स्वागत. पण हे फारच गोड झालं. लेख जीवशास्त्राबद्दल आहे, पंख, फुप्फुसं, मेंदू याबद्दल. माणसाचं सगळं लिखाण त्याच्या आयुष्यावर ओढून बसवायची आपल्याला खोड आहे.

अर्धाकप

असेल. पण मिक्सर तर खराच होता 🙂

पेट्रीडिश

कांद्याला पाव मार्क, अर्धाकपला पाव मार्क.

मेसेंजर आरएनएचं कोणीच काढलं नाही म्हणून पटकन. एप्रिल १९६०, केंब्रिज, गुड फ्रायडेची सुट्टी. सिडनी ब्रेनर या जीवशास्त्रज्ञाच्या खोलीत ब्रेनर, क्रिक (डीएनएच्या रचनेवाला), जाकोब गप्पा मारत होते, जाकोब पॅरिसचे ताजे निकाल सांगत होता, आणि ब्रेनर-क्रिक एकदम ओरडायलाच लागले. डीएनएकडून निरोप घेऊन जाणारा, थोडाच वेळ टिकणारा एक आरएनए असला पाहिजे! मग जूनमध्ये ब्रेनर आणि जाकोब कॅलिफोर्नियाला गेले, मेसेल्सन या शास्त्रज्ञाबरोबर प्रयोग करायला. हातात थोडेच आठवडे, आणि प्रयोग रोज फसतोय, रायबोझोम (पेशीतले प्रोटीन बनवणारे कण) तुटतायत. परतायची वेळ आलेली. दोघं समुद्रकिनाऱ्यावर तोंड पाडून बसलेले, आणि ब्रेनर एकदम उठून ओरडला, मॅग्नेशियम! प्रयोगात सीझियम इतकं होतं की ते रायबोझोम एकसंध ठेवणाऱ्या मॅग्नेशियमला हुसकावून लावत होतं. परत पळाले, मॅग्नेशियम वाढवलं, जमलं. तोच मेसेंजर आरएनए ज्याच्यावरच्या लशी आपण कोविडमध्ये ऐकल्या.

मधुरा_के

बीचवर बसून मॅग्नेशियम... आम्हाला बीचवर बसून काही सुचत नाही. 😭

रातकिडा, मूळ मुद्द्यावर येते. माझं ऑर्थोमध्ये जायचं ठरलेलं आणि मनगटाचा अपघात झाला, सर्जरीची ब्रांच सोडावी लागली. आता पॅथॉलॉजीत आहे. सगळे म्हणतात जे होतं ते चांगल्यासाठी. मला राग येतो त्याचा. पॅथॉलॉजी आवडते मला, खरंच आवडते, पण ती काही अपघाताची भरपाई नाहीये. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रातकिडा

मधुराताई, मला धाग्यात जे नीट मांडता आलं नाही ते हेच.

फौजीनाना

@मधुरा, पोरी, राग बरोबर आहे तुझा. लोकांना काहीतरी बोलायचं असतं म्हणून बोलतात.

चिकित्सक_कांदा

इथे मी गप्प.

अर्धाकप

नोबेलनंतर काय केलं त्याने? ऑपेरॉनवरच बसला?

पेट्रीडिश

नाही! सत्तरच्या आसपास बॅक्टेरिया बाजूला ठेवले आणि उंदरांवर गेला. एका पेशीपासून अख्खा प्राणी कसा घडतो ते बघायचं होतं. तेव्हा पन्नाशी आलेली, नोबेल घरात, आणि उंदराच्या भ्रूणाबद्दल काही माहिती नाही.

मधुरा_के

म्हणजे पन्नाशीत परत बिगरीपासून?

पेट्रीडिश

परत बिगरीपासून. ऑपेरॉनएवढं मोठं उंदरांत काही सापडलं नाही त्याला, हेही सांगायला हवं. तरी वर्षानुवर्षं तेच करत राहिला. २०१३ च्या एप्रिलमध्ये गेला, ९२ वर्षांचा होऊन.

फौजीनाना

बॉम्बचे तुकडे अंगात ठेवून ब्याण्णव. बरं रातकिडा, ते आत्मचरित्र इंग्रजीत मिळतं का? फ्रेंच मला बोंजूरच्या पुढे येत नाही.

रातकिडा

मिळतं नाना, इंग्रजी भाषांतर आहे. व्यनि (खासगी निरोप) करते. पहिली शंभरेक पानं जरा दमाने घ्या, लहानपण आहे.